सुनेची भागीदारी

माझी सून मनीषा कंपनीत पार्टनर झाली तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. तिच्या मोबाईलवर तसं लिहूनच आलं होतं. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण पार्टनर म्हणजे भागीदार हे कळतं. लासलगावला माझे सासरे कांद्याच्या आडतीत भागीदार होते. भागीदार गादीवर बसतो, गोण्या दुसरे उचलतात. मनीषा स्कूटीवर लोकांची जेवणं पोचवायची. म्हटलं, नवीन आहे, सुरुवातीला करावं लागत असेल.

मागच्या वर्षी अशी डिलिव्हरी करणाऱ्यांना सरकारी कार्ड देत होते, दवाखान्यात चालणारं. सेतू केंद्रात आम्ही दोघी गेलो. माझी धाकटी जाऊ सुमनही रांगेत होती. तिथल्या यादवनं विचारलं, काम काय? मनीषानं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, कंपनीत भागीदार. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. त्यानं तसंच लिहिलं. मालक लोकांना कार्ड नव्हतं, अर्ज परत आला. मला त्याचं काही वाटलं नाही.

गेल्या महिन्यात द्वारका चौकात एका टेम्पोनं मनीषाला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आत सळई घालायचीय, कार्ड असेल तर लवकर आणा. महेशनं, म्हणजे माझ्या मुलानं, कंपनीला फोन लावला. उत्तर आलं की जेवण देऊन ती परत निघाली होती, म्हणजे कामावर नव्हती. शिवाय ती कामगार नाहीच, पार्टनर आहे.

मी फोन घेतला. "मग तिची गादी कुठंय?"

पलीकडची पोरगी म्हणाली, माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे.

मनीषाचा मोबाईल घेऊन मी सेतूत गेले. सुमन सोबत आली. मदतीला, असं तिचं म्हणणं. यादवनं मला ओळखलं.

"काम काय लिहू?"

"लोकांच्या दारात जेवण नेऊन देते."

पंख्याचा आवाज होता. तो म्हणाला, मोठ्यानं सांगा. मी मोठ्यानं सांगितलं. सगळी रांग वळून बघायला लागली.

"आक्का, मग ते पेढे कशाचे होते?" सुमननं विचारलं.

"खव्याचे. तू चार खाल्लेस."

चौथ्या दिवशी कार्ड आलं, सहाव्या दिवशी सळई बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी मनीषाच्या मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला : प्रिय पार्टनर, तुम्ही बरेच दिवस दिसला नाहीत. तिनं दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या वाचून दाखवला आणि काय लिहू म्हणून विचारलं.

मी म्हटलं, लिही, गादीवर आहे.