खिडकीवाल्या गाईची साक्ष

मी एक जुनी गाय आहे, मित्रांनो, आणि आधीच बजावते, अंगावरून हात फिरवायला येऊ नका. लाथ बसेल. तुमच्या निबंधातली गाय गरीब असते, मायाळू असते, सगळ्या जगाची आई असते. मला एकच वासरू झालं आणि ते दुसऱ्या दिवशी गाडीत घालून नेलं. तेव्हापासून माझा स्वभाव हा असा आहे, आणि तो सुधारावा असं मला कधी वाटलं नाही.

माझं नाव मर्टल. अमेरिकेतल्या डकोटाच्या माळावरच्या एका शेतकी कॉलेजच्या गोठ्यात माझा जन्म सरला. कॉलेजनं मला एका दूधवाल्याकडून विकत आणलं. मला उभ्याउभ्याच बधिर केलं, डाव्या कुशीला बशीएवढं भोक पाडलं, त्यात जाड रबराचं कडं बसवलं आणि वर झाकण लावलं. झाकण काढलं की आत थेट माझं पोट. दुखलं नाही म्हणे. असं म्हणणाऱ्यांपैकी कुणाच्याही कुशीला भोक नव्हतं.

मग सुरू झालं माझं काम. प्राण्यांचे डॉक्टर व्हायला निघालेली पोरं खांद्यापर्यंत हातमोजा चढवायची आणि माझ्या पोटात हात घालायची. कुणी नाक धरायचं, कुणी पांढरंफटक पडायचं. उन्हाळ्यात शाळेच्या सहली यायच्या, बारकी पोरं रांग लावून आत डोकावायची आणि मास्तरीण म्हणायची, "किती गुणाची गाय आहे." आसपासच्या गोठ्यांत एखादी गाय खाणं सोडून बसली, की माझ्या पोटातलं हिरवं पाणी बादलीभर काढून तिला पाजायचे, आणि ती पुन्हा चरायला लागायची. अशा कितीतरी गाई मी उठवल्या. पेपरात फोटो आला तेव्हा मधोमध डॉ. वायकॉफ उभे होते आणि कडेला माझं शेपूट होतं.

हे डॉ. वायकॉफ म्हणजे आमच्या गोठ्याचे मुख्य. पशुवैद्यक कॉलेजात जायचं असेल तर काय शिका, कुठं अर्ज करा, हे मुलांना सांगण्याचं कामही त्यांच्याकडंच होतं. बोलायला गोड. हातात सदा कॉफीचा मग. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं तरी ते देऊन मोकळे व्हायचे. दुसरा माणूस ओडेल ग्रिम्सरूड. शेण काढणं, वैरण टाकणं, पाण्यावरचा बर्फ फोडणं, सगळं त्याच्याकडं. तोंडात सूर्यफुलाच्या बिया आणि जिभेवर टोमणे.

आणि तिसरी ट्रिना फेल्डहाउस. ती आली तेव्हा बाकीच्या पोरांपेक्षा बरीच मोठी होती. सकाळी गोठ्यात राबायची आणि दुपारी वर्गात बसायची. पहिल्या दिवशी मी तिला मांडीवर लाथ हाणली. ती लंगडत उठली आणि म्हणाली, "हाण अजून. माझ्या बापाच्या गोठ्यात तुझ्याहून खडूस गाई होत्या." मग कोमट पाणी आणून तिनं माझ्या कड्याभोवतीची घाण पुसून काढली. कुणी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लाथ हाणली, तिनं पुन्हा पुसलं. आमचं असंच चाललं. प्रेमबिम काही नव्हतं, पण हात घालताना ती आधी मोजा कोमट पाण्यात बुडवायची, आणि एवढं करणारी दुसरी कुणी मला भेटली नाही.

तिला गाईगुरांची डॉक्टर व्हायचं होतं. दुसरं काहीच व्हायचं नव्हतं. रस्त्यापलीकडंच पशुवैद्यक कॉलेज होतं. जागा मूठभर, अर्ज पोत्यानं. आमच्या कॉलेजात तिचे गुण इतके चांगले होते की पोरं तिच्या वह्या मागून न्यायची. पण घोडं मागं अडलं होतं. त्याआधी ती आणखी एका मोठ्या कॉलेजात होती, तिथं बेताचेच गुण होते. आणि त्याच्याही आधी गावात.

गावातलं प्रकरण असं. आमच्या भागात शाळेतली पोरं शेवटच्या दोन वर्षांतच गावच्या छोट्या कॉलेजात एखाददुसरा विषय घेतात. फी पडत नाही, आईबापांना कौतुक. ट्रिनानंही सोळाव्या वर्षी रसायनशास्त्र आणि गणित घेतलं. नेमक्या गाई विण्याच्या दिवसांत तिच्या बापाचं खुब्याचं हाड मोडलं. गोठा तिच्यावर आला आणि तिनं कॉलेजात जाणं सोडलं. पोरीला वाटलं, गेलं नाही की नाव आपोआप कटतं. नाव कुणी कापत नसतं, मित्रांनो. दोन्ही विषयांत नापास असा शिक्का बसला आणि तो तिकडच्या दप्तरात गप पडून राहिला.

अर्ज भरायचा उन्हाळा आला. डॉ. वायकॉफ माझ्या दावणीला टेकून कॉफी पीत होते. ओडेल मागं शेण ओढत होता. ट्रिनानं सरळ विचारलं.

"सर, शाळेत असताना गावच्या कॉलेजात दोन विषय घेतले होते. नापास झाले होते. ते अर्जात लिहायचे का?"

"शाळेत होतीस ना? मग ते शाळेचं झालं. नको लिहूस."

"पण अर्जात सगळी कॉलेजं लिहा म्हटलंय."

"ट्रिना, किती वर्षं मी हे करतोय? इथं आलीस तेव्हाच ते पुसलं गेलं. आपल्या गुणपत्रिकेवर ते दिसतं का? नाही ना? मग?"

मागनं ओडेल म्हणाला, "म्हणजे माझंही चौथीतलं गणित माफ झालं म्हणायचं." तिघंही हसले. मी रवंथ करत उभी होते आणि माझे कान शाबूत होते.

आता खरं काय ते ऐका. देशभरातल्या पशुवैद्यक कॉलेजांचे अर्ज आधी एका मुख्य कचेरीत जातात. तिथं तुम्ही जन्मात ज्या ज्या कॉलेजची पायरी चढलात, त्या प्रत्येकाची गुणपत्रिका मागवतात आणि सगळं एकत्र करून एकच सरासरी काढतात. कॉलेज बदललं म्हणून जुनं काही पुसत नाही. नवीन कॉलेज आपल्या कागदावर ते दाखवत नाही, एवढंच. मला हे लगेच कळलं. मी कुरणात खाल्लं काय आणि गोठ्यात खाल्लं काय, सगळं एकाच पोटात जातं. आत हात घालणाऱ्याच्या हाताला सगळंच लागतं. एवढी साधी गोष्ट डॉक्टर वायकॉफना कळू नये, म्हणजे कमाल आहे.

ट्रिनाच्या शाळेच्या दाखल्यावर गावच्या कॉलेजचं नाव होतं. कचेरीनं ते हुडकलं आणि रस्त्यापलीकडं कळवलं. दोन नापास धरूनही तिची सरासरी त्यांच्या किमान अटीत बसत होती, जेमतेम का होईना. गुणांवर ती पडत नव्हती. प्रश्न एवढाच होता की पोरीनं हे लपवलं, की तिला कुणी चुकीचं सांगितलं. लपवलं असेल तर दार बंद, आणि तो शेरा दरवर्षी अर्जाबरोबर फिरणार.

त्याची चौकशी करायला प्रवेश समितीच्या डॉ. नॉरीन बस्बी स्वतः गोठ्यात आल्या. कडक बाई, पण खोडसाळ नव्हत्या. त्या वेळी ट्रिना माझ्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उभी होती, एका आजारी गाईसाठी पाणी काढत होती. तिला धड बाजूलाही होता येईना.

बाई म्हणाल्या, "वायकॉफ, ही म्हणते तुम्हीच तिला लिहू नको म्हणालात."

डॉ. वायकॉफ मगात बघत म्हणाले, "मी असं कसं म्हणेन? मुलांना नेहमी सांगतो, सगळं लिहा. ट्रिना मेहनती आहे, पण कागदपत्रांच्या बाबतीत जरा, काय म्हणू, निष्काळजी."

"सर, इथंच उभे होतात तुम्ही," ट्रिना म्हणाली. "ओडेलही होता. त्यानं चेष्टाही केली होती."

बाईंनी मागं झाडत असलेल्या ओडेलकडं वळून विचारलं, "मिस्टर ग्रिम्सरूड, तुम्ही ऐकलंत?"

ओडेलनं खराटा भिंतीला लावला. डॉ. वायकॉफकडं पाहिलं. आयुष्यभर ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, त्यानं तोंडातली बियांची टरफलं थुंकली. मग म्हणाला, "मी शेण काढत असतो, बाई. साहेब लोकांच्या बोलण्याकडं माझं लक्ष नसतं."

त्या क्षणी ट्रिनाची मूठ माझ्या पोटात आवळली गेली. गवताचा ओला गोळा तिनं असा काही धरला की माझा श्वास अडकला. तिचा राग त्या गोठ्यात फक्त मला कळला, कारण तो माझ्या आत होता. मी लाथ झाडली. ओडेलवर नेम धरला होता, लागली बादलीला. हिरवं पाणी सगळीकडं सांडलं.

"हिला काय झालं आज?" बाईंनी विचारलं.

"खडूसच आहे ती," डॉ. वायकॉफ म्हणाले. बाई बूट झटकत निघून गेल्या, आणि मी दिलेली साक्ष शेणाबरोबर खराट्यानं लोटून टाकली गेली.

ट्रिनाला प्रवेश मिळाला नाही. कारणाच्या जागी 'माहिती दडवली' असं आलं. त्याच आठवड्यात तिनं गोठ्याचं काम सोडलं आणि भावाच्या गोठ्यात दूध काढायला गेली. पुढच्या वर्षी मुलांना मार्ग दाखवल्याबद्दल डॉ. वायकॉफना कॉलेजनं लाकडाची पाटी दिली. ती त्यांनी गोठ्याच्या दारावर ठोकली आहे.

मग माझे हाल सुरू झाले. नवी पोरं थंडगार मोज्यानं हात खुपसतात. कड्याभोवती चिघळतं. ओडेलला काय झालं कोण जाणे, तो एकदम हळवा झाला आणि मला पुसायला लागला. पुसता पुसता पुटपुटतो, "निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती गं, मर्टल. पेन्शनच्या कागदावर सही वायकॉफसाहेबांचीच लागते. मी काय करणार होतो?" मी त्याला पुसू देत नाही. त्याच्या बरगडीवर माझ्या खुराचा वळ आहे आणि तो मी जपून ताजा ठेवते.

परवा ट्रिना आली. भावाची गाय खाणं सोडून बसली होती, तिला माझं पाणी हवं होतं. मोजा कोमट पाण्यात बुडवला, झाकण काढलं, हात घातला. मी स्वभावाप्रमाणे लाथ उगारली. तीही स्वभावाप्रमाणे सरकली. मागं ओडेल टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"पोरी, मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "सगळं ऐकलं होतं. खरं सांगायला हवं होतं मी."

ट्रिनानं बादली भरली, वरून फडकं बांधलं, मोजा उलटा करून काढला. मग म्हणाली, "मला कशाला सांगता, ओडेल? मला तर माहीतच होतं. मी तिथंच होते."

आणि ती बादली घेऊन गेली. तिकडं गाय वाट बघत होती.

मित्रांनो, माझ्या कड्याला मलम लावा, म्हातारपणी मला मऊ गवत द्या, असलं काही मी मागणार नाही. तुम्ही देणार नाही, ते मला ठाऊक आहे. तुम्ही जिथं जिथं नाव घातलंत तिथं एकदा जाऊन, ते कापलं गेलंय का याची खात्री करून या, ही एक गोष्ट. आणि दुसरी, तुमच्यादेखत कुणी खोटं बोललं आणि कुणी तुम्हाला विचारलं, तर ज्याला माहीत नाही त्याला सांगा, आणि तो विचारतो आहे तेव्हाच सांगा. मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर हंबरडाच निघाला असता. तुमचं तसं नाही. आता निघा, आणि माझ्या मागनं जाऊ नका.