शमशेरची हजेरी

रहिमतपुरात पेन्शनीवर आलेले फौजी काय कमी होते? पण त्यांना एका सतरंजीवर बसवायला एकाहत्तरची लढाई व्हावी लागली. तीत गावचे दोघे गेले, ज्ञानू आणि शमशेर. दोन वर्षांनी सुभेदार लालासाहेबांनी त्या दोघांच्या नावानं माजी सैनिक मंडळ काढलं, पत्र्याच्या खोलीवर पाटी लावली आणि पहिल्याच दिवशी रीत घालून दिली. बैठकीआधी हजेरी घ्यायची, पहिली नावं त्या दोघांची, आणि त्यांच्या वतीनं त्यांच्या जवळच्या माणसानं 'हजर' म्हणायचं.

ज्ञानूच्या वतीनं त्याचा थोरला भाऊ आप्पासो. शमशेरच्या वतीनं केरबा, त्याचा एका तंबूतला जोडीदार. यात विचारायचं ते काय?

केरबा मात्र भिंतीकडं सरकला. पुढंच शमशेरची आई, रशीदाचाची बसली होती. आल्या आल्या तिनं नेहमीसारखं विचारलं होतं, "केरबा, ताप पुन्हा आला न्हाई न्हवं रं?" तापावर म्हणून तिनंच दर्ग्यातून आणलेला काळा दोरा त्याच्या मनगटाला होता.

केरबाला ताप होता म्हणून शमशेर त्याच्या जागी गस्तीवर गेला आणि सुरुंगावर पाय पडून संपला, हे गावाला पाठ होतं. सांगणारा केरबाच. ताप कसला अन् काय! शमशेर पीत नव्हता, त्याच्या वाटणीची रम केरबाच रिचवायचा. त्या रात्रीही दोघांची पिऊन तो पहाटे मेल्यासारखा पडला होता. बाहेर धुक्यात गस्तीची हजेरी झाली. केरबाचं नाव आलं, आणि गड्याला शिक्षा होऊ नये म्हणून शमशेरनं 'हजर' म्हणून टाकलं. या गोष्टीची केरबाला इतकी लाज वाटायची, की चाची दिसली की तो वाट बदलायचा.

"सिपाही ज्ञानू!" लालासाहेबांनी पुकारलं.

"हजर!" आप्पासो गरजला.

"सिपाही शमशेर!"

केरबा उभा राहिला.

"आरं, बोल की गड्या."

"कसा बोलू, सुभेदारसाब? त्यो माझ्या नावानं हजर म्हणला आन् गेला." केरबा चाचीकडं वळला. "चाची, मला ताप न्हवता. मी पिऊन पडलो हुतो. दोन वरसं तुमच्याशी खोटं बोललो."

चाची गुडघ्यावर हात टेकत उठली आणि त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. आता थोबाडीत बसणार, असं केरबाला वाटलं. बसली असती तर बरंच झालं असतं. पण तिनं त्याचा हात धरला आणि दोऱ्याची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला.

"ह्यो तापाचा हाय," ती म्हणाली. "तुला नगं."

दोरा मुठीत घेऊन ती जागेवर जाऊन बसली. "लालासाहेब, पुन्हा नाव घ्या. ह्योच बोलंल. दर बैठकीला ह्योच बोलंल, आन् मी ऐकाय येनार."

"सिपाही शमशेर!"

"हजर," केरबा कसाबसा म्हणाला.

"मोठ्यानं," चाची म्हणाली.