राक्षसिणीच्या हातचा घास

माझी आई मला राक्षसीण म्हणते. शिवी म्हणून नाही, शिवी असती तर मी दोन परत दिल्या असत्या. तिला खरंच वाटतं की मी तिची मुलगी नाही. मुलीला कुठेतरी कोंडून, तिचं रूप घेऊन, वर तिचाच पिवळा स्वेटर घालून मी या घरात घुसले आहे.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे, त्यांना चेहरा दिसतो पण आपलं माणूस वाटत नाही. बरं होईल का, असं विचारलं तर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी काय समजायचं ते समजले.

आता नशिबाची थट्टा बघा. माझी नोकरीच गोष्टींची आहे. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या कथांच्या टेपा दिवसभर ऐकायच्या आणि कुठल्या गोष्टीत काय येतं ते बघून तिला त्या त्या कप्प्यात टाकायचं. 'मागे वळून बघू नकोस' हा एक कप्पा. 'धाकटा भाऊ सगळ्यांत शहाणा' हा दुसरा. माझा धाकटा भाऊ बघितला की तो कप्पा जाळून टाकावासा वाटतो. आणि एक भलामोठा कप्पा आहे खोट्या लेकीचा. खरीला विहिरीत ढकलायचं आणि तिच्या जागी जाऊन बसायचं. समुद्राकाठचे लोक सांगतात, डोंगरातले सांगतात, एकमेकांचं तोंड कधी बघितलेलं नाही, आणि गोष्ट तीच. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई यावर एवढ्या खूश होतात, की जसा काही शोध त्यांनीच लावला. मीही व्हायचे.

हा नाद मला लावला आईनेच. भाजी चिरता चिरता ती अशी गोष्ट सांगायची की आम्हा दोघा भावंडांची भूक पळून जायची. आज तिच्या डोक्यातून पत्ता गेला, वार गेला, बाबा वारले तेही गेलं. गोष्टी मात्र एकूण एक शाबूत आहेत. त्यामुळे राक्षसिणीच्या घरात काय करायचं हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिथलं अन्न शिवायचं नाही. एक घास पोटात गेला की परतीची वाट बंद.

आणि तिने जेवण सोडलं. मऊ भात केला, सूप केलं, शेजारच्या काकूंच्या हातून भरवून बघितलं. तोंड घट्ट मिटलेलं. "ही तुझीच माणसं," असं मला म्हणाली आणि काकूंना हात जोडले. डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि तुमच्या आई ती उपटतील, म्हणून हात बांधावे लागतील. माझ्या आईचे हात!

मग मी तेच केलं जे गोष्टीतली खरी लेक करते. दोघींनाच ठाऊक असलेली खूण सांगितली. तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हटलं, "आई, एकदा गोष्ट सांगता सांगता तुलाच झोप लागली होती. राजकन्या झाडावरच राहिली. सकाळी मी विचारलं तर म्हणालीस, राहू दे गं तिला, वरती वारा चांगला लागतो. आपण किती हसलो होतो. हे कोणाला माहीत आहे आपल्याशिवाय?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, ओळखलं. अहो, मला खरंच वाटलं!

"हे तिने सांगितलं तुला?" आई पुटपुटली. "माझी ठमी असं कोणाला सांगायची नाही. किती छळलंस गं तिला, तेव्हा बोलली असेल ती!"

मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. ठमी म्हणजे मी. खोट्या लेकीने खरीकडून सगळ्या खुणा आधीच वदवून घेतलेल्या असतात, हे टेपांवर मी शंभरदा ऐकलंय. मी जितकं खरं बोलणार, तितकी खोटी ठरणार.

शेवटी डोळे पुसले आणि भाताचं ताट घेऊन परत गेले. म्हटलं, "बरं. मी राक्षसीण. ठमी माझ्याकडे आहे. तू जेवलीस तर ती जेवेल. तू उपाशी, तर तीही उपाशी."

आईने माझ्याकडे असं बघितलं की तसं माझ्याकडे आयुष्यात कोणी बघितलेलं नाही. मग चमचा उचलला. ताटात बोटाने रेघ ओढली, अलीकडचं खाल्लं आणि पलीकडचं पुढे सरकवलं. "हे तिला नेऊन दे. गार झालेलं तिला आवडत नाही."

मी ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खाल्लं. मग रोज तसंच चालू झालं. मी ताट नेणार, ती रेघ ओढणार, माझा वाटा माझ्याच हाती मला पाठवणार. परत गेले की विचारायची, "जेवली का? रडते का?" मी म्हणायचे, जेवली. आईच्या गालांवर थोडं मांस आलं. आई हातची गेली होती, पण निदान जगत होती. दगडापेक्षा वीट मऊ.

आणि मग आमचे धाकटे राजे उगवले. दोन महिन्यांतून एकदा हातात फळांची पिशवी घेऊन येतो, आणि त्याला ती ओळखते! बाळ्या, बाळ्या करत त्याच्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "तुझ्या ताईला सोडव रे. हिने कोंडलंय तिला."

बाळ्याने मला बाहेर जिन्यात ओढलं. "ताई, सोपं आहे. मी ओरडतो, राक्षसीण पळाली म्हणून. तू कपडे बदलून माझा हात धरून ये. माझ्यावर तिचा विश्वास आहे."

"नको," मी म्हटलं. "जेवतेय ना ती? पुरे आहे तेवढं."

"तुला नको आहे का तिने ओळखायला?"

हवंच होतं. नुसता मऊ भात खाऊन माणूस किती दिवस जगेल? मी त्याचा शर्ट घातला, केस मोकळे सोडले. तो आत जाऊन ओरडला, खुर्ची आपटली, आणि माझा हात धरून मला दारातून आत नेलं.

"आई, मी आले," मी म्हटलं. "सुटले मी."

आई उठून उभी राहिली होती. हात पुढे केलेले. माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि ते हात हळूहळू खाली आले. मग तिने बाळ्याकडे बघितलं. एकेक करून त्याचं नाक, कान, कपाळ बघितलं.

"तुला कधी खाल्लं हिने?" ती म्हणाली.

"आई, अगं मी बाळ्या!"

"हो. तोही असंच म्हणायचा."

त्या दिवसापासून ताटात रेघ नाही. मी हजार वेळा म्हटलं, ठमी उपाशी आहे. ती मान हलवते. दोन्ही मुलं गेली, आता कोणासाठी जेवू? बाळ्या दाराशी बसून ढसाढसा रडला, तर म्हणाली, छान शिकवलंयस याला.

काल नळी घातली. नर्सबाई पट्ट्या आवळत होत्या आणि आईचं मनगट धरून ठेवायला त्यांनी मलाच सांगितलं. हे एवढंसं मनगट. आई छताकडे बघून ओरडत होती, "ठमे! ठमे गं! कुठे आहेस? ये गं लवकर!" मी तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होते, आणि मला ओ देता येत नव्हती.