ऐकलेलं माप

टण्णकन चमचा फरशीवर पडला आणि जेवणाच्या टेबलाशी बसलेली तिन्ही मोठी माणसं दचकली. एरवी दिरानं लगेच म्हटलं असतं, "झाली, वाजंत्री सुरू झाली." आज तो नुसता जेवत राहिला. पाच वर्षांच्या पोरीनं स्वतःच वाकून चमचा उचलला, फ्रॉकला पुसला आणि आपण काही गुन्हा केला की काय अशा नजरेनं आईकडे पाहिलं. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. एवढंच तिला त्या घडीला जमण्यासारखं होतं.

पोरीला घरात भोंगा म्हणत. नाव काकानंच ठेवलेलं. ती बोलायला लागली की अख्खी गल्ली जागी व्हायची. हल्ली तीसुद्धा कुजबुजायची.

"वहिनी," दीर ताटात बघत म्हणाला, "दादाला सांगा, औषधवाल्याचा फोन होता. दुकानाची दर्शनी काच आजच हवीय त्याला."

दादा हातभर अंतरावर बसून घास चावत होता. "त्याला सांग, मला कान आहेत. त्याच्यासारखे भाड्यानं दिलेले नाहीत."

पोरीची आई दिराकडे वळली. "हो म्हणतायत, भाऊजी."

निवडणूक लागल्यापासून घरात असं चाललं होतं, मतदान होऊन गेलं तरी. तिचा नवरा एका बाजूचा, दीर दुसऱ्या बाजूचा. तसे ते आधीही होते. पण तेव्हा भांडण चहाबरोबर सुरू व्हायचं आणि चहाबरोबर संपायचं. यंदा नवऱ्यानं घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. दिराच्या नेत्याची माणसं कुणाचं तरी दुकान फोडतायत, असा. दिरानं खाली लिहिलं, "दुकानात ऐकलेल्या मापावर काच कापत नाहीस, आणि हे बरं न मोजता कापलंस? मेंढरू." नवऱ्यानं लिहिलं, "विकला गेलास." सगळ्या नातेवाइकांनी ते वाचलं, आणि वर कुणी कुणी टाळ्यांची चित्रंही टाकली. त्या दिवसापासून दोघांची तोंडं बंद.

ऐकलेल्या मापावर काच कापायची नाही, हा काचेचं दुकान घालणाऱ्या सासऱ्यांचा नियम. गिऱ्हाईक म्हणालं खिडकी एवढी आहे, तरी स्वतः जाऊन टेप लावायची. काच काही कापडासारखी सैल सोडता येत नाही. सासरे गेले, नियम उरला, आणि नेमका तोच दिरानं उगारला. म्हणून तर इतका झोंबला.

दिरानं आता पलीकडच्या रस्त्याला गाळा बघून ठेवला होता. आठवड्याअखेर होय-नाही कळवायचं होतं. एका माणसाच्यानं काचेचं दुकान चालत नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. वेगळं होणं म्हणजे दोन दुकानं होणं नव्हतं, एक दुकान बुडणं होतं. आणि भोंग्याचा काका घरातून जाणं.

म्हणून ती निरोप गाळायची. इकडचा कडू शब्द घ्यायचा, चोथा आपल्याकडे ठेवायचा, पाणी तिकडे द्यायचं. दिवसभर भांडी, दुकानाचे फोन, पोरीचा अभ्यास, आणि वर हे. चोथा कुठे टाकायचा हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तो सगळा छातीवर येऊन बसायचा.

दुपारी काच निघाली. मोठी काच न्यायची तर एकजण पुढे तोंड करून चालतो, दुसरा उलटा. उलट्या चालणाऱ्याचे डोळे समोरच्याच्या तोंडात असतात, असं सासरे म्हणायचे. समोरच्यानं बोलत राहायचं, खड्डा, वळण, पायरी. आज उलटा दीर चालणार होता, पण बोलणारच कोण? नवरा तिला म्हणाला, "तू चल बाजूनं." भोंग्याला आधी नेऊन औषधवाल्याच्या काउंटरमागच्या स्टुलावर बसवलं.

"त्याला सांग, डावीकडे."

"भाऊजी, डावीकडे."

"सांग, सायकल आहे. दिसत नसली तरी आहे. सगळं काही त्याच्या नेत्याला विचारून ठरत नाही."

"भाऊजी, सायकल आहे हं."

दिराच्या पाठीवर घाम फुटला होता. औषधवाल्याचं दार आलं. नवऱ्यानं मान वाकडी करून खाली पाहिलं. "त्या शहाण्याला सांग, जमिनीवर बघायची सवय नाही ना, आता पायरी आलीय, नाहीतर आपटेल तोंडावर, मग म्हणेल हेही आमच्याच लोकांनी केलं."

तिनं सवयीनं चाळणी लावली. शहाणा काढला, सवय काढली, तोंड काढलं, आमचे लोक काढले. हातात उरलं तेवढं दिलं.

"भाऊजी, जरा सांभाळून."

पायरीही चोथ्यातच गेली होती. दिराची टाच अडली, तो मागे बसला, काच तिरपी होऊन चौकटीला लागली. मोठा आवाज लगेच झाला नाही. आधी एक बारीक चर्रर, मग सगळी काच एकदम खाली.

"छोट्या!" नवरा ओरडला. "लागलं का रे?"

दीर पायरीवर बसून हातमोजे उलटसुलट करून बघत होता. "नाही. नाही रे, दादा." मग तिच्याकडे बघून, अगदी हळू, "वहिनी, पायरी का नाही सांगितलीत?"

तिला रडू आलं नाही. रडायलाही अंगात काही लागतं. "तुम्हाला लागू नये म्हणून," ती म्हणाली, आणि म्हणताना तिचं तिलाच ते किती वेडगळ वाटलं. "दोघंही जे बोलता ना, त्यातनं पायरी वेगळी काढायचा मला कंटाळा आलाय. मला जमत नाही आता."

औषधवाल्यानं झाडू आणून दिला. दोघं भाऊ उकिडवे बसून तुकडे गोळा करत राहिले, आणि भोंगा स्टुलावरून बजावत राहिली, "काका, तिकडे एक राहिला. बाबा, तुमच्या पायाशी."

संध्याकाळी पुन्हा तेच टेबल.

"उद्या माप परत घ्यावं लागेल," नवरा म्हणाला. वाटीकडे बघून, पण ‘त्याला सांग’ न म्हणता.

"मी टेप घेऊन येतो," दीर म्हणाला.

"दोघं जाऊ." नवऱ्यानं पाणी प्यायलं. "तो व्हिडिओ मी बघितला परत. जुना आहे. गावही भलतंच."

दिरानं पोळीचा तुकडा मोडला. सकाळी त्यानं टोमणाच मारला असता. "आमच्याकडूनही तसलं येतं," तो म्हणाला. "मीही पाठवलंय एकदोनदा. मेंढरू म्हणायला नको होतं."

"माझं मत मात्र तेच आहे, हं."

"असू दे की. माझंही. पायरी तेवढी सांगत जा."

नवरा हसला नाही, पण त्यानं भाजीचं भांडं भावाकडे सरकवलं. गाळ्याचं काय, हे कुणी काढलं नाही. तिनंही नाही. तिनं पहिल्यांदाच त्या दिवशी खुर्चीला पाठ टेकली, आणि वाटलं, इथेच डोळे मिटावेत.

भोंगा आळीपाळीनं दोघांची तोंडं बघत होती. तिच्या मनात काहीतरी जुळत नव्हतं. मग तिचा जुना आवाज परत आला, शेजारी ऐकतील असा.

"बाबांचं मत एकाला. काकाचं मत दुसऱ्याला. आई, तू गं कोणाला दिलंस?"

दोघांचेही हात ताटावर थांबले. इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. दोघांनीही तिचं मत आपापल्याच खात्यात धरलेलं होतं. आता दोघंही तिच्याकडे बघत होते, आणि ती पोरीकडे.