बेचाळीस पावलं

ज्योतीरामने नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली आणि विहिरीच्या खुणेवर पट्टीचं शून्य टेकवलं. तिथून ओढ्याच्या वळणाकडे सहा पूर्णांक चार सेंटिमीटर. पेन्सिलीचं टोक जिथं टेकलं, तिथून बारा मीटर रुंदीचा रस्ता जात होता, अगदी मधून. त्याने पट्टी उचलली, शर्टाला पुसली आणि पुन्हा मोजलं. सहा पूर्णांक चारच भरलं.

नगररचना कचेरीत आरेखक म्हणून त्याची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला दोन उरली होती. ज्योतीरामच्या पट्टीतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं कचेरीत म्हणत, आणि चहा मात्र त्याच्याच पैशानं पीत. आता चऱ्होलीच्या त्रेचाळीस एकरांवर बावीस इमारतींची वसाहत उठणार होती. एवढ्या मोठ्या कामाला सुटी सुटी परवानगी मिळत नाही. आधी सगळ्या जमिनीचा एकत्र आराखडा द्यावा लागतो. रस्ते कुठं, शाळा कुठं, मोकळी जागा किती, हे त्यात दाखवायचं. शिवाय जमिनीवर आज जे जे आहे तेही दाखवायचं. विहीर, ओढा, झाड, देऊळ, स्मशान, काही म्हणून गाळायचं नाही. हे सगळं आलंय का, ते बघायचं काम ज्योतीरामचं.

सगळं आलं होतं. चिंचेची सात झाडंही आली होती. एक तेवढं आलं नव्हतं.

सव्वीस वर्षांपूर्वी उदगीरहून आलेला तो कचेरीत अजून रोजंदारीवरच होता, चऱ्होलीत मारुतरावांच्या खोलीत भाड्यानं राहायचा. पहिली मुलगी झाली आणि अकराव्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते, ते तसेच पातेल्यात फुगून राहिले. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. मारुतरावांनी खोरं घेतलं आणि विहिरीपलीकडची जागा दाखवली. गावातली लहानगी तिथंच ठेवत. ज्योतीरामने खाली मीठ पसरलं, वर माती लोटली, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीची फांदी आणि तीन धोंडे ठेवले. परतताना त्याने पावलं मोजली. फांदी वाळेल, धोंडे कुणीतरी नेईल, पण विहीर कुठं जात नाही, हे तेव्हाही त्याला कळत होतं. बेचाळीस पावलं भरली.

आईला ती जागा दाखवत नाहीत. बायकोनं, मंजुळाबाईनं, विचारलं तेव्हा मारुतरावांच्या म्हातारीनं तिला गप्प केलं. पुढं ओवी झाली, शिकली, तळवड्याला कंपनीत लागली. तरी दरवर्षी एखाद्या दिवशी भाकरी थापता थापता मंजुळाबाई विचारायची, "कुठशी हाय ओ ती?" आणि ज्योतीराम म्हणायचा, दाखवीन कधीतरी. त्याचं कधीतरी सव्वीस वर्षं चाललं.

आणि आता तिच्यावरून गाड्या जाणार होत्या. जेवणाची सुटी झाली. त्याने डबा उघडला तसाच मिटला.

वर्षाली मॅडम शाखेच्या प्रमुख, वयानं त्याच्या ओवीहून चार-सहा वर्षांनीच मोठ्या, पण माणसाला बसवून बोलणाऱ्या. त्यांनी आपणहून विचारलं, जागेवर नकाशात न आलेलं काही आहे का? ज्योतीराम खुर्चीच्या कडेवर बसला. सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. गावात लहान मुलं पुरायची एक जागा होती, असं लोक म्हणतात, म्हणाला. लोक म्हणतात! त्या म्हणाल्या, गावातलं कुणी लेखी हरकत देऊ दे, मी स्वतः जागेवर येते. पण कागद हवा. कुणाचं तरी नाव हवं.

स्वतःचं नाव तो देऊ शकत होता. कचेरीतला माणूस आपल्याच टेबलावरच्या नकाशावर हरकत घेतो, हे नियमात बसलं नसतं कदाचित. पण अडलं तिथं नव्हतं. सुनावणीत हरकत वाचून दाखवतात, नाव, कारण, सगळं. जे बायकोला सांगायची छाती झाली नाही, ते सभागृहात माइकवर ऐकायचं, हे त्याला जमण्यासारखं नव्हतं.

म्हणून तो मारुतरावांकडे गेला. म्हातारा नव्या बंगल्याच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. त्याची स्वतःची दोन नातवंडंही विहिरीपलीकडे तिथंच पुरलेली होती. त्याने ज्योतीरामचं सगळं ऐकून घेतलं आणि काठीनं फरशी टोकरली.

"समदं खरं हाय," तो म्हणाला. "पर खरेदीखतावर आमी लिवून दिलंय, जागा निर्वेध हाय, कुनाचा कसला हक न्हाई म्हनून. खाली माझा अंगठा हाय. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

चहा आला. ज्योतीरामने तो पिऊन कप ओट्यावर ठेवला आणि निघाला.

मग ज्योतीरामने ते केलं, जे एकतीस वर्षांच्या आरेखकालाच सुचावं. त्याने खरं कारण सोडलं आणि नियमातलं कारण शोधलं. ओढ्याकाठचा हा कोपरा सखल आहे, पावसाळ्यात पाणी येतं, तेव्हा रस्ता वरच्या अंगाला सरकवावा आणि सक्तीची मोकळी जागा सलग इथंच द्यावी, असा शेरा त्याने लाल शाईनं लिहिला. शेरा चोख होता. मॅडमनी वाचला, त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि सही केली.

दीड महिन्यानं सुधारित नकाशा आला. रस्ता सरकला होता. पट्टी सहा पूर्णांक चारवर ठेवली तर पेन्सिलीखाली हिरवा रंग. मोकळी जागा, बाग, त्यात बाकाची खूणसुद्धा. माणूस किती वेडा असतो बघा, त्या बाकाची खूण बघून ज्योतीरामचे डोळे भरून आले. त्या दिवशी त्याने अर्धा किलो पेढे नेले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मंजुळाबाईला आपणहून सांगितलं, की पोरीची जागा वाचली. विहिरीपासून बेचाळीस पावलं आहे, म्हणाला.

मंजुळाबाईनं पेढा हातातच धरून ठेवला. "उद्या जाऊ," ती म्हणाली.

तो म्हणाला, आता नुसतं रान आहे, काटेकुटे आहेत. बाग होऊ दे. बाकावर बसून बघ. तिनं आणखी दोनदा विचारलं, त्याने दोनदा तेच सांगितलं. मग तिनं विचारणं सोडलं.

त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका शनिवारी प्रकल्पाचा तरुण वास्तुविशारद मिहिर दुसऱ्या कामाला कचेरीत आला आणि ज्योतीरामच्या टेबलाशी थांबला. गुणी पोरगा, काका काका करणारा.

"काका, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले," तो म्हणाला. "सांडपाण्याच्या प्लांटला जागाच मिळत नव्हती. तुम्ही तो सखल कोपरा मोकळा करून दिलात ना, सगळी लाइन उतारानं तिकडेच येते. खाली टाक्या, वर बाग. मस्त बसलंय एकदम."

ज्योतीराम म्हणाला, नकाशात तर नव्हतं. मिहिर म्हणाला, तो वेगळा नकाशा, जलनिस्सारण विभागाकडे जातो, तुमच्या टेबलावर कशाला येईल? खोदाई सोमवारीच सुरू झाली, वीस फूट खाली जायचंय. एवढं सांगून तो जिना उतरून गेला.

ज्योतीराम बसून राहिला. नकाशे वाटून जातात, हे काय त्याला माहीत नव्हतं? जमिनीवरचं या टेबलावर, जमिनीखालचं त्या टेबलावर. सारी हयात त्यातच गेली होती. रस्ता तसाच राहिला असता तर वर दोन फूट खडी-डांबर पडलं असतं आणि खाली लेकरू होतं तसं झोपून राहिलं असतं. करायला गेला एक आणि झालं भलतंच. लाल शाईचं पेन खिशातच होतं. ते त्याने काढलं आणि खणात मागं ढकललं.

घरी येऊन तो मंजुळाबाईला एवढंच म्हणाला, उद्या जाऊ. तिनं का म्हणून विचारलं नाही. तिनं हरभरे भिजत घातले.

रविवारी सकाळी दोघं रिक्षानं गेले. पत्र्याचं कुंपण एका अंगाला उघडं होतं. विहीर होती, तिच्यावर जाळी टाकली होती. मंजुळाबाईच्या हातात स्टीलचा डबा होता, चांगलं लुगडं नेसली होती. ज्योतीराम विहिरीच्या काठाला पाठ लावून उभा राहिला आणि चालू लागला. ती मागून आली. तो मोठ्यानं मोजत नव्हता, पण ओठ हलत होते.

छत्तिसाव्या पावलाला जमीन संपली.

खाली चौकोनी खड्डा होता, भिंती उभ्या कापलेल्या, तळाशी गढूळ पाणी, त्यात एक पंप घरघरत होता. उपसलेली माती कुठं दिसत नव्हती. डंपरनं कुठल्या तरी भरावाला गेली होती.

"अजून किती?" मंजुळाबाईनं विचारलं.

"सहा."

तिनं समोर पाहिलं, सहा पावलांवर, जिथं आता नुसती हवा होती. ज्योतीरामने तिला सगळं सांगितलं. रस्ता, लाल शेरा, मोकळी जागा. मीच केलं, म्हणाला, माझ्याच हातानं. तो रडत होता आणि डोळे पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"पेढे आनले तवाच दावलं असतं," ती म्हणाली, "तर घटकाभर बसले तरी असते हितं. काट्यात बसले असते."

एवढंच बोलली. हे त्याला शिव्यांहून जड गेलं.

तेवढ्यात पहारेकरी आला. पन्नाशीचा, ढगळ गणवेशातला माणूस, परभणीकडचा असावा. इथं उभं राहायचं नाही, मावशी, कडा ढासळते, म्हणाला. कुणाला भेटायचंय?

मंजुळाबाईनं डबा उघडला. घुगऱ्या अजून कोमट होत्या, वर खोबऱ्याचा कीस होता. तिनं मूठ भरून पुढं केली.

"घ्या. बारशाच्या हायत."

पहारेकरी गोंधळला. पण घुगऱ्यांना कुणी नाही म्हणत नाही. त्याने दांडकं काखेत मारलं, दोन्ही हातांची ओंजळ केली, घेतल्या आणि उभ्याउभ्याच खायला लागला. एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा या दोघांकडे.

"मुलगी का मुलगा?" त्याने विचारलं.

"मुलगी."

"बरं झालं. नाव काय ठिवलं?"

सव्वीस वर्षांत ज्योतीरामने हे कधी विचारलं नव्हतं. नाव ठरलेलं असेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"इंद्रायणी," मंजुळाबाई म्हणाली, आणि तिनं डबा ज्योतीरामपुढं धरला.