सावलीचं पाचवं बोट

माऊसच्या पाठीवरचं ते रबरी चाक बोटाखाली दातेरी लागत होतं—एक दाता फिरवला की पडद्यावर तीन प्रतिक्रिया वर सरकत, आणखी एक दाता, आणखी तीन—आणि ज्यानं चौतीस वर्षं फक्त कागद उलटले त्या तपासनिसाला ह्या चाकाचा वेग काही केल्या जमत नव्हता. वाक्य पुरतं वाचून होण्याआधीच बोलणारा माणूस वर निघून गेलेला असे.

‘लहानपणी ह्याच्यासमोर बसवल्याशिवाय मी घास घेत नसे. आता ह्याला पाहून घास उतरणार नाही.’

‘माझी धाकटी कालपासून न्हाणीघरात एकटी जात नाही. आभारी आहे.’

इथवर ठीक होतं. टोपडू—नाकापर्यंत येणाऱ्या मोठ्या टोपीतला तो चित्रातला बुटका, ज्यानं दोन पिढ्यांना हसवलं—त्याला कंदील देऊन एका रिकाम्या घरात सोडायचं आणि पाच मिनिटं लोकांना घाबरवायचं, ही कल्पना दिग्दर्शकाची. ती तपासनिसाला पटली नव्हती, आणि न पटण्याची सात कारणं त्यानं लेखी दिली होती. पण परवा चित्रपट लोकांसमोर आला आणि लोक घाबरले, म्हणजे कारणं संपली. मात्र चौथ्या, नवव्या, सतराव्या माणसानं एकच गोष्ट सांगितली होती, जवळजवळ एकाच शब्दांत: तीन मिनिटं बारा सेकंदांवर थांबवा. टोपडू जिना उतरून जातो, सावली क्षणभर भिंतीवर मागे राहते. तिच्या हाताची बोटं मोजा.

‘पाच आहेत. टोपडूला चार. ती सावली त्याची नाहीच. घरात दुसरं कोणीतरी आहे.’

त्यानं थांबवलं. मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली. पाच.

आता इथे नीट विचार केला पाहिजे, तो स्वतःशी म्हणाला; आणि नीट विचार करणं म्हणजे त्याच्या लेखी पर्याय मांडणं. टोपडूला अंगठा धरून चार बोटं, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. प्रत्येक चित्र त्याच्या टेबलावर येणार, चूक दिसली तर तो तिच्याभोवती वर्तुळ काढून कागद परत पाठवणार—दुरुस्ती स्वतः करणार नाही, ते ज्याचं काम त्यानंच करायचं—आणि चूक नसली तर त्या दृश्याचे कागद ठेवलेल्या पाकिटावर सही. सहीनंतर कागदाला हात लावणाऱ्याला इथे दुसऱ्या दिवशी जागा नाही. तेव्हा एकतर ते बोट त्याच्यासमोर आलं आणि त्याला दिसलं नाही... किंवा सहीनंतर कोणीतरी ते रेखाटलं. तिसरा पर्याय त्याला सुचला नाही.

पहिला पर्याय त्यानं चटकन झाकून ठेवला, पण तो झाकला जाईना. वर्तमानपत्र हल्ली हात लांब करून वाचता, बायको गेल्याच आठवड्यात म्हणाली होती, आणखी थोडं लांब गेलं की शेजारी वाचतील. डोळे दाखवून या. त्यावर तो प्रकाशाच्या दर्जाबद्दल बरंच काही बोलला होता. न दिसणारा तपासनीस—म्हणजे काय? न वाजणारी घंटा. तिला कोणी फोडत नाही, नुसती उतरवून ठेवतात... तेव्हा दुसरा पर्याय. दुसराच.

सावल्या काढणारी मुलगी एकच. सगळे तिला सावलीवाली म्हणत. तीन वर्षांपूर्वी आली, डावखुरी, आणि त्याला काका म्हणणारी ह्या इमारतीतली एकटी.

अकराच्या सुमारास दिग्दर्शक खोलीत आला, हातात फोन, चेहऱ्यावर दोन रात्रींचं जागरण आणि आनंद.

“पाचवं बोट कुणाचं?” त्यानं सगळ्यांना मिळून विचारलं. “जग वेडं झालंय त्या बोटापायी. मी सांगितलं नव्हतं, कागदोपत्री नाही. कुणी केलं ते संध्याकाळपर्यंत कळू द्या.”

“बक्षीस आहे का?” कोणीतरी मागून विचारलं.

“बक्षीस की नोटीस, ते मग ठरवू.”

सगळे हसले. सावलीवाली हसली नाही—की हसली, पण उशिरा? त्यानं नेमकं पाहिलं होतं, आणि तरी त्याला सांगता येईना. दिग्दर्शक जाता जाता त्याच्या टेबलाशी वाकला. “पाकिटावर सही तुमची आहे. तुम्हाला माहीत असणार.”

“संध्याकाळी सांगतो,” तो म्हणाला.

दुपारभर तो तिच्याकडे पाहत राहिला, म्हणजे कागदांकडे पाहत आहोत असं दाखवत तिच्याकडे. ती नेहमीपेक्षा जास्त वाकून काम करते आहे. पेन्सिल नेहमीपेक्षा जास्त वेळा तासते आहे. दोनदा पाणी प्यायला उठली. ह्यातल्या प्रत्येक गोष्टीला निरपराध कारण असू शकतं, हे त्याला समजत होतं. पण चारही बाजूंनी निरपराध असलेली गोष्ट त्याच्या धंद्यात नेहमीच संशयास्पद ठरत आली होती.

शेवटी तोच तिच्या टेबलाशी गेला. “दृश्य एकतीस,” एवढंच म्हणाला.

“काका, मी नाही,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “मला वाटलं, तुम्हीच.”

“मी?”

“सहीनंतर पाकीट तुमच्याच कपाटात असतं ना. मी कालपासून गप्प आहे. म्हटलं, काकांनी केलं असेल तर आपण कशाला तोंड उघडायचं.”

किती सफाईदार उत्तर... आणि नोकरी जाण्याच्या भीतीनं माणूस असंच उत्तर देणार. आणि खरं बोलणारा माणूसही असंच देणार. तिच्या डोळ्यांत त्याला जे दिसलं ते त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत सकाळपासून असणार, ह्या जाणिवेनं तो मागे फिरला.

कपाट तळमजल्यावर, किल्ली त्याच्याकडे. पाकीट एकतीस. सही त्याची, वळणदार, शंकेला जागा न देणारी. त्यानं सावलीचे कागद काढून खिडकीशी धरले—आणि तिथे ते होतं. करंगळीच्या बाहेर, बारीक, किंचित वाकलेलं. उरलेली सगळी सावली तिनं भरलेली: डावखुऱ्या हाताच्या रेघा, सगळ्या एका बाजूला कललेल्या. हे बोट उलट बाजूला कललेलं. उजव्या हाताचं.

सुटली, असं त्याला वाटलं. ती सुटली. पण लगेच त्याची नजर बोटाच्या टोकाशी गेली, जिथे रेघ संपते, आणि तिथेच खिळली. रेघ संपताना कागद सोडत नव्हती. शेवटी एक बारीकसा आकडा घेत होती, मासा पकडायच्या गळासारखा.

चौतीस वर्षांपूर्वी तो इथे चित्रं काढायला आला होता, तपासायला नव्हे. तेव्हा इथे शिकवणाऱ्या गुरुजींनी त्याचे चाळीस कागद पाहिले, प्रत्येक रेघेच्या शेवटी बोट ठेवलं. “हात उचलतोस तिथे ओढतोस. प्रत्येक वेळी. टोपडू चालायला लागला की हे आकडे थरथरतील. तुझी नजर मात्र चांगली आहे.” झालं. त्या दिवसापासून दुसऱ्यांच्या चुकांभोवती वर्तुळं. त्यानंतर चित्राची एकही रेघ त्यानं काढली नव्हती—नाही, एकदा काढली होती, सावलीची कड कशी विरली पाहिजे हे दाखवायला, ह्याच मुलीच्या कागदाच्या समासात. आणि ती मन लावून पाहत होती... पाहिलेलं उचलणारी मुलगी. उजव्या हातानंही ती काढू शकत असेल. का काढेल? की हे आपणच—कधी? सहीआधी, दुपारच्या पेंगेत, पेन्सिल हातात असताना? त्याला आठवेना. न आठवणं हा पुरावा नव्हता, कोणत्याच बाजूचा.

संध्याकाळी सगळे छोट्या प्रेक्षागृहात जमले. दिग्दर्शकानं भुवया उंचावल्या.

“माझं,” तपासनीस म्हणाला.

मग दिग्दर्शक मोठ्यानं हसला, टाळी द्यायला हात पुढे केला. “चौतीस वर्षं बोटं खोडणारा माणूस! सात कारणं लिहून देतो आणि वर हे! पुढच्या वेळी सहीआधी सांगा, काय? बसा, पुढे बसा.” म्हणजे नोटीस नव्हती. कुणालाच मिळाली नसती, की फक्त त्यालाच मिळाली नाही, हे आता कळायची सोय नव्हती.

सावलीवाली त्याच्याकडे पाहत होती. त्या नजरेला नाव देण्याचा त्यानं प्रयत्न केला. वाचवल्याबद्दल माणूस असं पाहतो. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात पाहिल्यावरही असंच पाहतो. आणि आपला अंदाज खरा ठरला, हेच ते, म्हणूनही... तो काही बोलणार होता, पण दिवे गेले आणि बोलायचं राहून गेलं.

पडद्यावर टोपडूनं कंदील उचलला. हा चित्रपट त्यानं तुकड्यातुकड्यांत दोनशे वेळा पाहिला होता, बटणं मोजत, टोपीची उंची मोजत, पावलं मोजत. आता मोजायला काही नव्हतं. एक बुटका माणूस रिकाम्या घरात चालला होता, इतकंच. आणि तो कुठल्या दारासमोर थांबेल ते ठाऊक असूनही तपासनिसानं खुर्चीचा हात घट्ट धरला. जिना आला. टोपडू उतरू लागला. मागे कोणीतरी श्वास रोखला, आणि त्यानंही रोखला.

सकाळ असती तर तो देवाला म्हणाला असता, ते बोट तिथे नसू दे. आता, भिंतीवर तो हात हळूहळू उघडत असताना, त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला भीती वाटते आहे ती ते नसण्याची.