नाद कुणाचा

"मार," गाडीखालून आवाज आला.

संयोगिता ड्रायव्हरच्या सीटवर बसून ब्रेकचं पेडल दाबत आणि सोडत राहिली. उघड्या दारातून तिला वडिलांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे केरबा पिकअपच्या पोटाखाली, पोत्यावर आडवे होते.

"धर."

तिनं पाय रोवून धरला. खाली पान्याची करकर झाली आणि पेडल तिच्या पायाखाली मऊ होत खचलं.

"धरलंय न्हवं?"

"धरलंय, आबा."

"सोड आता. परत मार."

ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ती अशीच काढावी लागते. एकानं वर दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा स्क्रू सैल करून तेलाबरोबर बुडबुडे बाहेर सोडायचे. दोन माणसं लागतातच. म्हणून हे काम रविवारचं, ती पेठ वडगावहून यायची तेव्हाचं.

"गेल्या महिन्यात काढली होती ना हवा?" तिनं विचारलं.

"परत धरली. जुनी गाडी हाय, बाळ. म्हाताऱ्या माणसागत असतंय, कुठनं वारं शिरंल सांगता येत न्हाय."

"मग ओवा घाला तिला," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आणि दोघंबी हात धुवा. भाकरी गार होत्यात. त्या साबणानं धुवा, माझ्या न्हवं."

कळंब्याला, जेलच्या पलीकडच्या वस्तीत केरबांचं घर. घराशेजारच्या मोकळ्या जागेत ती पिकअप दोन वर्षं उभी होती. केरबांचा सगळा जन्म साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्या मोजण्यात गेला. गाड्यांची वजनं त्यांना तोंडपाठ होती, पण गाडीच्या आत काय असतं ते निवृत्त होईपर्यंत त्यांनी पाहिलं नव्हतं. आता ते नाकावर चष्मा ठेवून मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, एखादा भाग खोलायचे, डिझेलनं धुवायचे, परत बसवायचे, आणि एक वायसर हातात उरला की पुन्हा खोलायचे. पत्र्याचं काम तेवढं झालं होतं. दरवाजे, बॉनेट, मागचा हौदा सगळं घासून तांबड्या प्रायमरनं रंगवलं होतं. वरचा रंग अजून ठरत नव्हता.

जेवणं झाली. केरबा खुर्चीतच पेंगले. संध्याकाळी ती स्कूटीला किल्ली लावत असताना ते फाटकापर्यंत आले. बोटांच्या पेरांत काळं तेल तसंच होतं.

"डिझेलचा पंप काढून घमेल्यात ठेवलाय. पुढच्या रविवारी उघडू."

"येते की."

"ये."

एवढंच बोलणं झालं. त्यांच्याकडे नेहमी एवढंच व्हायचं.

सोमवारी सकाळी ती कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होती. धाकट्या काकांचा, विजयसिंहांचा, फोन आला. "संयू, निघून ये," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "स्कूटीवर येऊ नको. कुणालातरी सोडायला सांग." त्या दुसऱ्या वाक्यावरनं तिला कळलं. केरबा दूध घालायला डेअरीवर गेले होते. किटली कट्ट्यावर ठेवली, जरा बसतो म्हणाले आणि बसले. उठलेच नाहीत.

मग माणसं आली, दिवस झाले, माणसं गेली. संयोगितानं सगळं नीट केलं. आईला औषधं दिली, आलेल्यांना पाणी दिलं, कोण कुठून आलं ते लक्षात ठेवलं. रडणारे तिच्याकडं बघून रडायचे थांबायचे. तिनं आयुष्यात पुष्कळ वाचलं होतं. शोकाबद्दलही वाचलं होतं. त्यातलं काहीएक कामाला येईना, याचं तिला जरा नवल वाटत होतं.

तेराव्यानंतर गडहिंग्लजहून बाळाप्पा दुखवट्याला आले. ते कारखान्यात केरबांबरोबर होते, आणि पिकअप मूळची त्यांचीच. सोप्यात चहा पीत बसले असताना विजयसिंह काकांनी विषय काढला.

"गाडीचं काय करायचं, संयू? नुसती पडून गंजंल. बाळाप्पा परत न्यायला तयार हाईत. पण तुझी गाडी हाय, तू सांग."

"माझी?"

"मग, माझी हाय व्हय?"

तिला वाटलं, काका बोलण्याच्या ओघात म्हणाले असतील. "आबांची गाडी, काका. त्यांचा नाद."

काकांनी बाळाप्पांकडं बघितलं. बाळाप्पांनी कप खाली ठेवला.

"केरब्याला कसला नाद, ताई? तो गाडीत बसला की खिडकीशेजारी जागा मागायचा, उलटी हुती म्हणून. गाडी तुमच्यासाठी नेली न्हवं का त्यानं."

"माझ्यासाठी कशी?"

"आमच्या शांभवीच्या लग्नाला आलता तुम्ही. आठवतंय? मांडवात सगळी बायकामाणसं, आणि तुम्ही एकट्या मागं गोठ्याकडं त्या गाडीपाशी हुबा. लई वेळ. गाडीवर हात ठेवून. केरब्यानं मला हाताला धरून न्हेलं, लांबनं दाखवलं. म्हणला, बाळाप्पा, बघ. वर्षात पोरीनं कशाला असा हात लावला न्हाय. ही गाडी मला दे."

संयोगिताला ते लग्न आठवत होतं. तिचा घटस्फोट होऊन वर्ष व्हायचं होतं. मांडवात प्रत्येक बाई तिला जवळ बसवून घ्यायची आणि हळू आवाजात तेच विचारायची. म्हणून ती मागं गेली होती. गाडीच्या एका बाजूला सावली होती, आणि ती बाजू मांडवातनं दिसत नव्हती. हात ठेवला असेल. माणूस कशावर तरी हात ठेवतोच.

"हौदु, हौदु," बाळाप्पा आपल्याच आठवणीला कानडीत होकार देत होते. "डोळ्यांत पाणी आलतं त्याच्या."

"मग? न्यायची का गाडी?" काकांनी विचारलं.

ती काही बोलली नाही. त्या घरात गप्प बसणं म्हणजे हो, असंच पिढ्यान्‌पिढ्या धरत आले होते. बाळाप्पांनी रविवारी ट्रॅक्टर घेऊन येतो म्हणून सांगितलं.

ते गेल्यावर ती आईकडं गेली. आई चुलत्यांकडनं आलेल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळत होती.

"आई, गाडीचा नाद कुणाला होता?"

"तुला की."

"मला?"

"मग काय मला?" आईनं फडक्याला गाठ मारली. "दर रविवारी वडगावहून यायचीस ते काय माझ्या हातचं खायला? ते हातमोजे आणलेस. इंजिनाची पुस्तकं आणलीस. ह्यांना सतराशे साठ प्रश्न विचारायचीस. मला त्या गाडीचा वीट आला होता. अंगणभर ऑइल, साड्यांना डाग. पण म्हटलं, राहू दे, पोरीला विरंगुळा हाय. हसती तरी."

संयोगिता पाटावर बसली. "तूच मला फोन केला होतास, आई. आबा दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडं बघत्यात म्हणालीस."

"बघत होतेच. रिटायर झाल्यावर सगळेच बघत्यात."

"मग गाडी आली. मला वाटलं, त्यांचं मन रमलं. म्हणून मी यायला लागले. एकटे वाकून वाकून करतात, कुणीतरी हाताखाली पाहिजे म्हणून."

"त्यांचं मन रमलं?" आई पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघत म्हणाली. "अगं, रोज रात्री कंबरेला बाम चोळायला लावायचे. गाडी तर आषाढातच चालू झालती. तुला म्हाईत न्हाय?"

"चालू झाली होती?"

"तलावापतूर जाऊन आलो की आम्ही दोघं. येताना भजी आणली. चांगली पळत होती. आणि शनिवारी बघतो तर हे परत पाना घेऊन खाली. म्हटलं, आवो, चालतीय ती, कशाला खोलताय? तर म्हणले, उद्या संयू येणार. तिला काय काम ठिवू?"

बाहेर उसाची ट्रॉली गेली. खिडकीच्या तावदानांचा आवाज येऊन थांबला.

"ब्रेकमधली हवासुदा," आई म्हणाली, "स्वतःच आत सोडायचे. ते दोन माणसांचं काम हाय न्हवं, म्हणून ते लई आवडीचं. महिन्याभरानं एकदा ते ठरलेलं."

संयोगितानं आठवडाभर रजा वाढवली. सांगितलं कुणाला नाही, पण ती तेच ते जुळवत बसली होती. गाडीचा नाद आबांना नव्हता. तिलाही नव्हता. मग दोन वर्षं त्या जागेत कोण काय करत होतं? ती एकेक रविवार आठवायची आणि उलटा करून बघायची. तिनं क्लचप्लेटबद्दल विचारलं तेव्हा आबांचा चेहरा उजळला होता. तिला वाटलं होतं, आवडीचा विषय निघाला. आता कळत होतं, तिला गाडीतलं आवडतंय असं वाटून तो उजळला होता. आणि तो उजळला म्हणून ती पुढच्या रविवारी गिअरबॉक्सबद्दल विचारायची. त्यासाठी वाचून यायची. कळायचं काही नाही. शब्द तेवढे लक्षात राहायचे, तेवढ्यावर तिचा निभाव लागायचा. आबाही आदल्या रात्री तोच व्हिडिओ दोनदा बघत असणार. दोघंही एकमेकांसाठी अभ्यास करत होते आणि दोघांनाही त्या विषयात गोडी नव्हती.

कधी तिला हसू यायचं. कधी राग यायचा, पण तो कुणाचा ते ठरेना. आणि एक भीती होती, ती मात्र अगदी स्वच्छ होती. आबा काय समजून गेले? लेकीला गाडी आवडते, असं समजून गेले. ती गाडीसाठी येते, असं. गाडी संपली की ती यायची थांबेल, असं त्यांना वाटलं असणार, म्हणूनच तर ते शनिवारी खोलत होते. मग ती कुणासाठी येत होती, हे त्यांना माहीतच नव्हतं की काय?

याचं उत्तर देणारं माणूस घरात नव्हतं. गाडी ठेवली तर ते उत्तर मिळणार होतं का? की देऊन टाकली तर? तिनं जाऊन दोनदा गाडीत बसून बघितलं. प्रायमरचा वास आला, बाकी काही नाही.

रविवारी बाळाप्पा ट्रॅक्टर घेऊन आले. पंपाचं घमेलं हौद्यात ठेवलं, चाकांत हवा भरली. काकांनी दोर आणला. फाटक अरुंद, त्यात पुढं उतार आणि वळण. ट्रॅक्टर बाळाप्पा चालवणार होते. घर्र घर्र आवाजात कुणालाच कुणाचं धड ऐकू येत नव्हतं.

"ष्टेअरिंगला कोण बसतंय?" बाळाप्पा ओरडले.

"संयू बसंल की," काका ओरडले. "तिच्याइतकी ही गाडी कुणाला म्हाईत हाय? बस गं. शेवटचा हात फिरवून घे."

आई पायरीवर डोक्यावर पदर घेऊन उभी होती. ती मान हलवून बस म्हणाली. संयोगिता चढून बसली. सीट तिच्या ओळखीची होती.

"न्यूट्रल कर," काका खिडकीशी येऊन म्हणाले.

तिनं गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. न्यूट्रल म्हणजे काय हे तिनं वाचलं होतं, आकृतीसकट. दांडा कुठल्या बाजूला ढकलायचा ते आठवेना. आठवण्यासारखं ते कधी हाताला माहीतच नव्हतं.

"कर की."

"काका, मला गाडी येत नाही."

"काय येत न्हाय?"

"चालवायला येत नाही."

काकांनी हात कानामागं धरला. "पुण्याला सासरी गाडी होती न्हवं तुमच्यात?"

"ती ते चालवायचे."

"मग हितं दोन वर्षं काय केलंस?"

"ब्रेक दाबला," ती म्हणाली.

काकांना हसू आवरेना. ते आईकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, हिला गाडीच येत न्हाय म्हणती."

आईच्या डोक्यावरचा पदर घसरला. "म्हणजे?" तिनं विचारलं. "मग कशाला येत होतीस दर रविवारी?"

संयोगितानं उत्तर दिलं, पण ट्रॅक्टरच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही. काकांनी हातानं खूण केली. बाळाप्पांनी ट्रॅक्टर बंद केला. एकदम इतकं शांत झालं की शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली. तिघंही तिच्याकडं बघत होते. परत सांगणं तिला अवघड गेलं. ती आईकडं बघून सुरुवात करणार होती, पण तोंडातनं दुसरंच नाव निघालं, आणि ते तिनं तसंच राहू दिलं.

"आबा, मला ह्या गाडीतलं काही कळत नाही. मला ती आवडतही नाही. मला तुमच्याजवळ बसायचं असायचं, म्हणून मी येत होते."